ताणा धोरणाचा, बाणा कोणाचा?

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन किंवा १५ सप्टेंबरचा अभियंता दिन जवळ आला की महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर फलक झळकू लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि विज्ञान-अभियांत्रिकी शिक्षण हा विषय तर गेल्या काही वर्षांत सर्वांच्याच आवडीचा झाला आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, बीजभाषण, भोजनोत्तर दोन सत्रे आणि सायंकाळी प्रमाणपत्रांचे वाटप, असा हा क्रम ठरून गेलेला. पत्रकार म्हणून अशा अनेक परिसंवादांना आम्ही बसलो आहोत. तेथे बोलणारी माणसे विद्वान असतात, विषय महत्त्वाचा असतो, आयोजकांचे कष्टही खरे असतात. तरीही सभागृहाबाहेर पडताना एक प्रश्न पाठ सोडत नाही. या मंथनातून निघालेले नवनीत जाते कोठे?

हा प्रश्न भिवंडीत उभे राहून विचारला म्हणजे त्याची धार कळते. सात लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर यंत्रमागांच्या खडखडाटावर जगते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागोमाग एक बसत गेल्या आणि विणकामाचा मोठा भार भिवंडीने उचलला. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही येथेच आले व पुन्हा चालू झाले. यातील असंख्य माग अजूनही धोट्याचेच आहेत. धोट्याचा साधा माग मिनिटाला शे-दीडशे फेऱ्या मारतो. हवेच्या झोताने चालणारा आधुनिक माग सहाशे-आठशे आणि त्याहूनही अधिक. स्पर्धा कोणाशी आहे आणि कोणत्या शस्त्राने लढायची आहे, हे या दोन आकड्यांतच स्पष्ट होते. त्यातच मागाच्या शेडमधील आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. तेथे दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराचे कान किती वर्षे टिकतील, हाही अभियांत्रिकीचाच प्रश्न आहे.

आणि ही अभियांत्रिकी येथून किती दूर आहे? तासा-दीड तासाच्या वाटेवर, मातुंग्याला! गिरणधंद्याला तंत्रज्ञ मिळावेत या गरजेतून १८८७ साली सुरू झालेली आणि आज वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करणारी तंत्रशिक्षण संस्था तेथे आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उघडला आणि तोही पुढे तिच्या शेजारीच आला. त्याच्या आरंभीच्या दोन शाखांपैकी एक वस्त्ररसायनाची होती. म्हणजे उद्योगाची गरज ओळखून विद्यापीठाने शाखा उघडण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. इचलकरंजीकरांनी तर १९८२ साली आपल्या मागांच्या गावातच दत्ताजीराव कदम यांच्या नावाच्या शिक्षणसंस्थेमार्फत वस्त्र-अभियांत्रिकीचे महाविद्यालय उभे केले. त्या तोलाची संस्था भिवंडीत मात्र उभी राहिली नाही. ठाणे-कल्याण परिसरातून दरवर्षी शेकडो अभियंते बाहेर पडतात. त्यांतील कितीजणांनी चालता माग जवळून पाहिला असेल?

याहून मागे गेलो तर आपल्या वारशाची ओळख पटते. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याच्या पाठीशी आपले वजन उभे केले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. कारखाना म्हणजेच शाळा, हे त्याचे सूत्र होते. तेथे शिकून तयार झालेल्या तरुणांनी ही विद्या इतरत्र नेली. स्वदेशी ही केवळ घोषणा न राहता हातातले कौशल्य झाली. त्या पिढीपाशी परिसंवादांसाठी अनुदान नव्हते. पण काय शिकवायचे आणि कोणासाठी, याविषयी मनात गोंधळ नव्हता.

आज अनुदान आहे, पण हेतू निसटला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या पदोन्नतीला गुणांकांची पद्धत जोडली. परिसंवादात वाचलेल्या निबंधालाही गुण मिळू लागले आणि परिसंवादांचे पेवच फुटले. २०१८ साली नियम बदलले; सवय मात्र सुटली नाही. मूल्यांकनाच्या धारिकेत छायाचित्रे लागतात, म्हणून कार्यक्रम होतात. दोष केवळ अध्यापकांचा नाही. ज्या गोष्टीला गुण, तीच गोष्ट घडणार! एखाद्या प्राध्यापकाने सहा महिने भिवंडीच्या शेडमध्ये घालवून मागाचा आवाज कमी करणारी एक साधी सुधारणा केली, तर त्याला किती गुण देणार, हे आधी ठरवावे लागेल.

शासन काहीच करीत नाही, असेही नाही. यंत्रमागधारकांसाठीची ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना केंद्राने १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतूनच जाहीर केली. साधे माग आहेत त्या जागीच सुधारून घेण्यासाठी साहाय्य, हा तिचा एक भाग होता. पण सुधारलेला माग सांभाळणारा, बिघाड ओळखणारा आणि पुढची सुधारणा सुचवणारा माणूस अनुदानातून येत नाही. तो शिक्षणातूनच यावा लागतो.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यासाठी दार उघडले आहे. महाराष्ट्रातील नव्या आराखड्यात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांना श्रेयांक आहेत. २०२१ पासून काही महाविद्यालयांत भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास तंत्रशिक्षण परिषदेने मुभा दिली. पिंपरी-चिंचवडला मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही सुरू झाला. भिवंडीच्या मागावर तेलंगणातून आलेला पद्मशाली आहे, उत्तर प्रदेशातून आलेला विणकर आहे आणि येथला भूमिपुत्रही आहे. त्यांना इंग्रजी बीजभाषणातून काय मिळणार? ज्ञान लोकांच्या भाषेत आले पाहिजे, हा आग्रह भावनेपुरता नाही. तो उत्पादनाशी आणि पोटाशी निगडित आहे.

येथे आपल्याच मंडळींना दोन शब्द सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनातील बाकी सारे विसरले गेले आणि चर्चा उरली ती प्राचीन विमानविद्येवरील एका निबंधाची. वस्तुतः वैमानिक शास्त्रात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच काढला होता. पूर्वजांचा गौरव पुराव्याने वाढतो, अतिशयोक्तीने तो उपहासाचा विषय होतो. ज्ञानप्रणालीच्या तासाला शिकवण्याजोगे आपल्याकडे काय कमी आहे? नीळ आणि मंजिष्ठेचे रंग, येवल्याच्या पैठणीची वीण, हातमागाची यंत्ररचना. हे सारे प्रयोगशाळेत तपासता येते, मोजता येते, पुढे नेता येते. विज्ञानाची कसोटी लावून टिकते तेच परंपरेचे खरे धन.

म्हणून परिसंवाद बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. ते भिवंडीत भरवा. व्यासपीठावर कुलगुरूंच्या शेजारी एका जॉबरला बसवा, एका यंत्रमागधारकाला आणि सायझिंगच्या कारागिराला बसवा. सकाळचे सत्र सभागृहात असेल तर दुपारचे शेडमध्ये असू द्या. शेवटी ठरावांऐवजी तीन प्रश्न निश्चित करा, ते तीन महाविद्यालयांना वाटून द्या आणि पुढील वर्षीचा परिसंवाद त्यांच्या उत्तरांपासून सुरू करा. परिसरातील कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी यात दुव्याचे काम करावे. आपला मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीला असेल, तर सुट्टीतील प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कोठून आणले एवढेच विचारू नका. तेथे हाताने काय केले, तेही विचारा.

कापडाला ताणा आणि बाणा दोन्ही लागतात. ताण्याचे उभे धागे कितीही सुबक भरले, तरी आडवा बाणा पडल्याशिवाय वीतभरही वस्त्र होत नाही. धोरणाचा ताणा दिल्लीने भरला आहे. बाणा भिवंडीत, आपल्या विद्यापीठात आणि आपल्या घरात भरायचा आहे. तो कोणी दुसरा येऊन भरील, या भरवशावर आणखी किती काळ माग उभा ठेवायचा?