न वाचता येणारी नोटीस

नोटीस बजावली गेली की नाही, या एका प्रश्नावर आमच्या व्यवसायात दावे उभे राहतात आणि पडतात. कागद हातात पडला म्हणजे मजकूर पोचला, असे निदान माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असतो तेथे कायदा मानत नाही. १९६२ साली 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले. स्थानबद्ध केलेल्या इसमाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी भाषांतर मागितले, ते नाकारण्यात आले. इंग्रजी ही राजभाषा आहे आणि पोलीस अधिकाऱ्याने मजकूर तोंडी समजावून दिला आहे, हा सरकारचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातले 'कळविणे' म्हणजे ज्याला कळवायचे त्याला समजेल अशा भाषेत कळविणे. महाराष्ट्रात एका हिंदी भाषकाला मिळालेला हा न्याय आहे. मध्य प्रदेशातल्या मराठी भाषकांनी तो उशाशी ठेवावा.

हेच तत्त्व आज आम्ही एका निराळ्या प्रतिवादीला लावणार आहोत. तो प्रतिवादी म्हणजे आपल्या घरच्या टेबलावरचा संगणक. संगणक कोणाला स्थानबद्ध करीत नाही, हे आम्हाला कळते. पण सकाळी बटण दाबावे, काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ उमटावी आणि यंत्राने तेथेच थांबावे, तेव्हा ती ओळ नोटीसच असते. काय बिघडले, आता काय करावे आणि न केल्यास काय गमवावे लागेल, हे ती सांगत असते; आणि सांगते इंग्रजीत. इच्छापूर, शहापूर, बऱ्हाणपूर येथील ज्या घरांत ती वाचणारे कोणी नाही, तेथे नोटीस तामील झालीच नाही. परिणाम मात्र तामील झाल्यासारखे भोगावे लागतात.

या ओळी काय म्हणतात ते आधी पाहू, कारण त्या वाटतात तेवढ्या भयंकर नसतात. 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' याचा अर्थ संगणक मेला असा नव्हे. कार्यप्रणाली ज्या डिस्कवर आहे ती यंत्राला सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळदा आदल्या रात्रीचा पेनड्राइव्ह तसाच खोचलेला असतो आणि यंत्र आधी त्यातच शोधत बसते; तो काढून पुन्हा चालू केले की काम भागते. पेनड्राइव्ह नाही, तरी तोच संदेश येतो आणि हार्डडिस्कमधून टकटक आवाजही येतो, असे असेल तर मात्र यंत्र पुनःपुन्हा चालू करू नये. आधी त्यातील माहिती जाणकाराकडून काढून घ्यावी. 'सीएमओएस चेकसम एरर' आणि पाठोपाठ 'प्रेस एफ-१' असे उमटले, शिवाय घड्याळ भलतीच जुनी तारीख दाखवू लागले, तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल बहुधा संपलेला असतो. 'बूटएमजीआर इज मिसिंग' म्हणजे विंडोजला उठवणारी एक लहानशी फाइल जागेवर नाही. घरातल्या फोटोंना आणि कागदपत्रांना त्यात बहुधा धक्काही लागलेला नसतो.

खरा धोका एकाच पडद्यात आहे. 'बिटलॉकर' या नावाखाली ४८ अंकी किल्ली मागणारा निळा पडदा कधी कधी बायोस अद्ययावत झाल्यावर अवचित उभा राहतो. डिस्कवरची सारी माहिती कुलूपबंद आहे आणि किल्ली दिल्याशिवाय उघडणार नाही, असे तो सांगतो. ही किल्ली घरच्या संगणकाच्या बाबतीत बहुतेक वेळा यंत्र पहिल्यांदा सुरू करताना उघडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, आणि ती कोठे शोधावी हेही त्याच पडद्यावर लिहिलेले असते. इंग्रजीत.

आमच्या एका पक्षकाराच्या घरी हाच पडदा आला. केळीच्या बागेच्या वाटणीचा दावा चालू होता आणि जुन्या पावत्यांचे स्कॅन त्या संगणकात होते. दुकानातल्या दुरुस्तीवाल्याने 'विंडोज उड गई है, फॉरमॅट मारना पडेगा' असे सांगितले, पैसे घेतले आणि फॉरमॅट मारला. पक्षकाराने मोबाइलवर टिपलेले पडद्याचे छायाचित्र आम्ही नंतर पाहिले. किल्ली कोठे मिळेल याचा पत्ता त्यावर स्वच्छ दिसत होता. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या खात्यात ती बिनबोभाट पडून होती. कुलूपबंद डिस्क एकदा पुसली गेली की मागाहून किल्ली सापडून उपयोग नसतो. एक वाक्य मराठीत असते, तर त्या बाईंनी यंत्र दुकानात नेण्याआधी मुलाला फोन केला असता.

यावर तांत्रिक अडचणीचा बचाव नेहमी पुढे केला जातो. तो एके काळी खरा होता, हे मान्य करणे आम्ही न्याय्य समजतो. जुन्या यंत्रांत सुरुवातीचा आज्ञासंच डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात असे. त्यातही विभागांची सारणी आणि खूण वगळता प्रत्यक्ष आज्ञांना ४४६ बाइट उरत, आणि त्रुटीचे संदेशही त्यातच कोंबावे लागत. पडद्याच्या मजकूर-अवस्थेत साधारणपणे २५६ ठरीव आकृत्या मावत. इंग्रजीचे काम तेवढ्यात उरकते. आमच्या जोडाक्षरांचे, वेलांट्यांचे आणि रफारांचे उरकत नाही. युनिकोडच्या रूढ साठवणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. तेव्हाच्या अभियंत्यांना आम्ही दोष देत नाही.

पण ती यंत्रे आता भंगारात गेली. २०१२ च्या सुमारास विंडोज ८ बरोबर जी नवी फर्मवेअर व्यवस्था घरोघर आली, ती बटण दाबताच कंपनीचे बोधचिन्ह रंगांसह पडद्यावर रंगवून दाखवते. ज्या यंत्राला मालकाचे चिन्ह चित्र म्हणून दाखवता येते, त्याला 'पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा चालू करा' ही ओळ चित्र म्हणून का दाखवता येऊ नये? हा आमचा कल्पनाविलास नव्हे. अँड्रॉइडच्या खुल्या स्रोतात नेमकी हीच युक्ती वापरली आहे. फोन दुरुस्ती-अवस्थेत असताना अक्षरे जुळवण्याची सोय नसते, म्हणून मोजके संदेश निरनिराळ्या भाषांत आधीच चित्ररूपाने तयार करून ठेवतात, आणि त्या भाषांत मराठी आहे. खिशातल्या फोनला जे जमते ते टेबलावरच्या संगणकाला जमत नाही, असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा.

आता आकड्यांकडे वळू. विंडोज मराठीत मिळते, असे आम्हाला सांगितले जाते आणि ते खोटे नाही. भाषेचा संच उतरवून घेतला की मेनू मराठी होतात. पण हा संच इंग्रजीच्या पायावर चढवलेला मुलामा आहे. ज्या ३८ भाषांत विंडोज मुळापासून स्थापित करता येते, त्यांत मराठी नाही; म्हणून यंत्र धडधाकट असेपर्यंत ते मराठी बोलते, आणि आजारी पडून दुरुस्तीच्या पडद्यावर गेले की इंग्रजीत कण्हू लागते. त्या यादीत एस्टोनियन आहे. एस्टोनिया या देशाची लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. एस्टोनियन भाषेबद्दल आमची तक्रार नाही, उलट तिच्या माणसांचे कौतुक आहे.

येथे आमच्या हिंदी भाषक शेजाऱ्यांसाठी एक बातमी आहे. त्या ३८ भाषांत हिंदीही नाही. शाळेच्या माध्यमावरून आणि तहसील कार्यालयातल्या फलकावरून आम्ही त्यांच्याशी भांडत आलो आहोत आणि पुढेही भांडू. पण या पडद्यापुढे बऱ्हाणपूरचा मराठी आणि बऱ्हाणपूरचा हिंदी एकाच बाकावर बसवलेले आहेत. वकीलपत्र दोघांचे मिळून दाखल करता येईल.

पडद्यावरच्या भाषेला इतके महत्त्व कशाला, असे विचारणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. असंख्य यंत्रांवर दूरवरून इलाज चालला नाही. कोणीतरी यंत्रापुढे बसून पडदा वाचायचा, सेफ मोडमध्ये जायचे आणि एक फाइल पुसायची, असाच तो इलाज होता. वाचणारा माणूस हा दुरुस्तीचा भाग आहे. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने त्या निळ्या पडद्याचा रंग काळा केला. त्यावरचे संकेतशब्द इंग्रजीच राहिले.

कायद्यात आधार नाही, असेही कोणी समजू नये. मोबाइल फोनवर सर्व भारतीय राजमान्य भाषांतला मजकूर वाचता आलाच पाहिजे, असे आयएस १६३३३ (भाग ३) हे भारतीय मानक सांगते, आणि ते बंधनकारक करण्याचे पाऊल केंद्र सरकारने २०१६ साली उचलले. फोनला लावलेला नियम संगणकाला लावण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. एक अधिसूचना पुरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे ८४ वे कलम तर असे सांगते, की हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना वस्तूसोबत नसतील, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. 'पुरेशा' या शब्दावर आमचा भर आहे. ज्याला सूचना वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने ती पुरेशी कशी, याचे उत्तर एखाद्या ग्राहक आयोगापुढे मागण्याची वेळ आली आहे.

थोडे आपल्या माणसांविषयीही बोलले पाहिजे. मराठीकरणाचे काम हाती आले की आपले विद्वान लगेच 'प्रचालन तंत्र अनुपलब्ध, कृपया प्रारंभन-साधन संलग्न करावे' असे लिहायला बसतात. हे वाचून त्या केळीवाल्या बाई इंग्रजीकडेच परत जातील, आणि ते योग्यच होईल. 'संगणक सुरू करणारी डिस्क सापडली नाही. पेनड्राइव्ह लावला असल्यास काढा.' एवढे पुरे. डिस्क, पेनड्राइव्ह, फाइल हे शब्द आता मराठी आहेत. त्यांना विभक्तिप्रत्यय लागतात, त्यांची अनेकवचने होतात, आणखी कोणता दाखला हवा? आणि अक्षरे आपली असावीत. 'ळ' असावा, 'ऱ्या' मोडून 'र्या' होऊ नये. 'बऱ्हाणपूर' या नावातच तो ऱ्ह आहे. आमच्या गावाचे नाव ज्याला धड लिहिता येत नाही, त्याने मराठी येते असे सांगू नये.

हे गाव लोकांपुढे ठेवायच्या मजकुराच्या भाषेबाबत अडाणी नाही. येथल्या जामा मशिदीत राजा अली खान फारुकी याच्या काळचा, सोळाव्या शतकाच्या अखेरचा लेख आजही भिंतीवर आहे. अरबी मजकुराबरोबर तेथे नागरी अक्षरांत संस्कृत मजकूर कोरलेला आहे, आणि त्यात फारुकी राजांची वंशावळ व बांधकामाची तिथी दिली आहे. संस्कृत ही काही बाजारपेठेची बोली नव्हती, हे आम्ही मान्य करतो. तरीही स्वतःच्या मशिदीच्या भिंतीवर दुसऱ्या लोकांची लिपी कोरून घेण्याइतपत दृष्टी त्या राजाला होती. दगडावर छिन्नीने जोडाक्षर पाडणे पडद्यावर ठिपक्यांनी पाडण्यापेक्षा सोपे होते, असे आम्हाला वाटत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी आम्हीही पेढे खाल्ले. पण महाराष्ट्र सरकार मराठीसाठी जे करील ते दर्यापूर-रावेरपर्यंत. बऱ्हाणपूर, मुलताई, पांढुर्णा, बिदर, भालकी, निपाणी, बेळगाव येथल्या मराठी माणसासाठी कंपनीच्या दारात कोणी जाणार नाही. घटनेचा ३५० वा अनुच्छेद गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देतो. तेव्हा निवेदने मराठीतच लिहावीत, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाकडे आणि भारतीय मानक ब्यूरोकडे पाठवावीत, आणि मागणी एकच असावी: देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाचे सुरुवातीचे त्रुटिसंदेश खरेदीदाराने निवडलेल्या भारतीय भाषेत दिसावेत. सोबत न कळलेल्या पडद्याचे छायाचित्र जोडावे; पुरावा म्हणून ते आमच्या दहा पानांपेक्षा वजनदार ठरेल.

उत्तर येईपर्यंतची तजवीज म्हणून आज रात्रीच घरातल्या संगणकाची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून वहीत उतरवून ठेवा, आणि वही संगणकाच्या पिशवीत नव्हे, कपाटात ठेवा. अंक मात्र इंग्रजीत लिहा. तो पडदा आपले ४ आणि ८ अजून ओळखत नाही.