चाळीस लिटरांचा समुद्र

भारतीय घरांत गोड्या पाण्यातील सोनमासे आणि गप्पी पाळण्याची हौस जुनी आहे. समुद्री जीवांचे दर्शन मात्र बहुतेकांना सार्वजनिक मत्स्यालयातच होत असे. 1951 साली सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांचे हे कुतूहल भागविले. आता तयार समुद्री मीठ, प्रखर एलईडी दिवे आणि छोटे पंप सहज मिळू लागल्याने ही हौस घरातल्या टेबलावर येऊन पोहोचली आहे. चाळीस-पन्नास लिटरांच्या काचेच्या टाकीत खारे पाणी, थोडे खडक, दोन-चार प्रवाळसदृश जीव आणि त्यांच्या सोबतीला एखादी पेपरमिंट कोळंबी असा छोटेखानी समुद्र उभारण्याची ओढ अनेक तरुणांना वाटते. ही ओढ स्वागतार्हच आहे. परंतु तिच्यामागील हिशेब नीट मांडला जात नाही आणि त्याची किंमत बहुधा त्या मुक्या जीवाला मोजावी लागते.

पेपरमिंट कोळंबी मूळची अटलांटिक महासागराच्या पश्चिम किनाऱ्याकडील, म्हणजे फ्लोरिडा, मेक्सिकोचे आखात आणि कॅरिबियन समुद्र या प्रदेशातील आहे. लांबी जेमतेम पाच ते सात सेंटिमीटर, शरीर जवळजवळ पारदर्शक आणि त्यावर पेपरमिंटच्या गोळीसारख्या तांबड्या रेघा. दिवसा ही कोळंबी कपारीत दडून बसते व रात्री अन्न शोधत फिरते. तिची ख्याती मात्र रूपापेक्षा एका विशिष्ट भक्ष्यामुळे आहे. ऐप्टेशिया नावाचे एक लहान, तपकिरी समुद्रपुष्प टाकीत शिरले की तणासारखे पसरते. त्याच्या डंखाने शेजारचे जीव कोमेजतात. ते चिरडून काढावे, तर उरलेल्या लहानशा तुकड्यातूनही नवे समुद्रपुष्प उगवते. अशा वेळी दुकानदार हमखास पेपरमिंट कोळंबीचा उपाय सुचवितो, कारण ऐप्टेशिया हे तिचे आवडते खाद्य आहे.

हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. ऐप्टेशिया टाकीत आपोआप जन्म घेत नाही. न तपासता आणलेल्या खडकाबरोबर किंवा प्रवाळाच्या तुकड्याबरोबर ते आत येते. म्हणजे आधी घाईने खरेदी करायची आणि त्या घाईचे परिणाम निस्तरण्यासाठी आणखी एक जीव विकत आणायचा, असा हा क्रम आहे. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील धोका वेगळा सांगावयास नको. शिवाय कोळंबी ही औषधाची बाटली नव्हे. तिला मुबलक खाद्य मिळाले तर ती ऐप्टेशियाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि ऐप्टेशिया संपल्यावर तिला वेगळे अन्न दिले नाही तर ती टाकीतील इतर जीवांना टोचू लागते अथवा उपाशी राहते. काम संपले तरी तिचे आयुष्य संपत नाही, हे तिला घरी आणण्यापूर्वीच ध्यानात घेतले पाहिजे.

ओळखीचाही प्रश्न आहे. 1850 साली गिब्स यांनी वर्णन केलेली ‘लिस्माटा वुर्डेमानी’ ही एकच जात पेपरमिंट कोळंबी म्हणून दीर्घकाळ ओळखली जात होती. 2006 मध्ये ऱ्हाइन आणि लिन या संशोधकांनी या समूहाची फेरतपासणी करून चार नव्या जाती वेगळ्या काढल्या. फ्लोरिडातील ‘लिस्माटा बोगेसी’ ही त्यांपैकीच एक. हा भेद सूक्ष्म असल्याने तो शास्त्रज्ञांवर सोडला तरी चालेल. परंतु हिंदी आणि प्रशांत महासागरांत आढळणारी उंटकोळंबी पुष्कळदा पेपरमिंट समजून घेतली जाते, तो भेद ग्राहकाला कळलाच पाहिजे. तिच्या पाठीवर उंचवटा असतो, डोळे मोठे असतात आणि तांबड्या रेघांच्या मध्ये ठळक पांढरे पट्टे व ठिपके असतात. ती ऐप्टेशियाऐवजी प्रवाळांनाच इजा करण्याचा संभव अधिक. सोने घेताना कस पाहणाऱ्या ग्राहकाने जीव घेतानाही तेवढीच चिकित्सा करावी.

लहान टाकी म्हणजे लहान जबाबदारी, हा समज तर सर्वांत घातक आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. 40 लिटरांच्या टाकीत ते 1,400 ग्रॅम झाले. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. दोन लिटर पाणी उडाले की तेवढेच क्षार 38 लिटरांत उरतात आणि क्षारता जवळजवळ 37 पर्यंत चढते. 400 लिटरांच्या टाकीतून तेच दोन लिटर कमी झाले तर क्षारता जेमतेम 35.2 होते. छोट्या भांडवलाच्या व्यापाऱ्याला एका दिवसाचा तोटा जसा जड जातो, तसेच छोट्या टाकीचे आहे. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोज शुद्ध गोड्या पाण्याने करावी लागते. उन्हाळ्यात खोलीचे तापमान वाढले की हे पाणीही चटकन तापते. कोळंबीला मानवणारे तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस आहे. वीज गेली तर पंप थांबून प्राणवायू घटतो. त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नसून गरज ठरते.

याहून मोठी परीक्षा संयमाची असते. नव्या टाकीत विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो. उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंची वसाहत स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी दिसते, घरची मंडळी हसतात आणि दुकानाकडे पाय वळू लागतात. मुदत पूर्ण होण्याआधी ठेव मोडणाऱ्याला व्याजाचे नुकसान सोसावे लागते, येथे मात्र घाईचे नुकसान जिवावर बेतते. कोळंबी आणल्यावरही तिच्या पिशवीत टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळून तिला नव्या क्षारतेची सवय करून द्यावी लागते. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध त्या टाकीत कदापि घालता येत नाही. माशाला तारणारी मात्रा कोळंबीला मारते. ती वेळोवेळी कात टाकते. तळाशी पडलेले रिकामे कवच पाहून नवखा पालक ती मेली असे समजतो. खरी कोळंबी त्या वेळी नवे कवच टणक होईपर्यंत कपारीत लपलेली असते.

कायद्याची बाजू तर अनेकांच्या गावीही नसते. खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली स्थान मिळाले. वाघाला असलेले संरक्षणच या प्रवाळांना आहे. समुद्रघोड्यांनाही 2001 पासूनच कायद्याचे संरक्षण आहे. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली, विदेशी संरक्षित प्राण्यांच्या ताब्याचीही नोंद बंधनकारक केली. त्यामुळे दुकानात मिळतो म्हणून एखादा प्रवाळ घरी आणणे कायदेशीर ठरत नाही. खडकासाठी समुद्रातून काढलेल्या तुकड्याऐवजी सिरॅमिकचा कृत्रिम खडक वापरावा आणि जीवांच्या बाबतीत शंका असल्यास वनविभागाकडे चौकशी करावी. कायदा पाळला जातो आणि ऐप्टेशियाचा शिरकावही बहुतांशी टळतो, असा हा दुहेरी लाभ आहे.

या कोळंबीच्या जीवनक्रमात एक विलक्षण गोष्ट आहे. प्रत्येक कोळंबी प्रथम नर म्हणून वाढते आणि पुढे नर व मादी दोन्ही होते. स्वतःच्या अंड्यांचे फलन मात्र ती स्वतः करू शकत नाही, त्यामुळे तिला जोडीदार लागतो. कोणत्याही दोन प्रौढ कोळंब्या एकत्र असल्या की पोटाखाली हिरवट अंडी दिसू शकतात. घरच्या टाकीतील पिल्ले फिल्टर आणि मासे यांतून क्वचितच वाचतात, परंतु संगोपन केंद्रांत ती वाढविता येतात. भारतातही ही दिशा धरली गेली आहे. 1947 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विदूषक माशांच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभिवंत कोळंबीच्या संगोपनाचे केंद्र उभारून स्थानिक महिलांना त्याचे शिक्षण दिले. ग्राहकाने ‘हा जीव केंद्रात वाढविलेला की समुद्रातून पकडलेला?’ हा एक प्रश्न जरी नेमाने विचारला, तरी बाजाराला योग्य वळण लागू शकते.

इतकी बंधने घातली तर हौस उरेल कशी, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. ज्या मुलाने कोळंबीला कात टाकताना पाहिले, त्याला समुद्राविषयी जी आस्था वाटेल ती पुस्तकाच्या पानातून वाटणे कठीण. म्हणूनच ही हौस टिकावी, पण तिचा क्रम उलटावा. आधी अभ्यास, मग पाणी, मग प्रतीक्षा आणि सर्वांत शेवटी जीव. ज्याला रोज पाण्याची पातळी पाहणे आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे जमणार नसेल, त्याने सार्वजनिक मत्स्यालयात जाऊन मन रमवावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. आणि ज्याला ते जमेल, त्याच्या घरी रात्री दिवे मालवल्यावर कपारीतून हळूच बाहेर येणारे दोन लांब स्पर्शतंतू त्याच्या धीराची पुरेपूर परतफेड करतील.