अंगणांतील शेवाळ : वैरी कीं सोबती ?

मृगाच्या सरी स्थिरावल्या कीं अंबरनाथ-बदलापुराकडे घरोघर शेवाळ खरवडण्याचा उद्योग सुरू होतो. कोणी ब्लीचिंग पावडर टाकतो, कोणी तारेचा ब्रश घेऊन बसतो. आणि या त्रासास कंटाळलेला गृहस्थ अखेरीस सारें अंगण सिमेंटनें झांकून मोकळा होतो. आमच्या मतें येथें शत्रु ओळखण्यांतच चूक होत आहे.

शेवाळ या एकाच नांवाखालीं आपण दोन निराळ्या वस्तु मोडतो. दगडाच्या माथ्यावर जो बुळबुळीत थर चढतो तें शैवाल. पाय बहुधा त्यावरूनच घसरतो. सांध्यांत बारीक पानांची जी मखमली गादी वाढते ती वनस्पति वेगळी. शास्त्रीय मराठींत तिला हरिता म्हणतात. तिला खरीं मुळें नसतात. केसांसारख्या तंतूंनीं ती माती धरून राहते व पाणी बहुतेक अंगानेंच शोषते. ती दगड उचलीत नाहीं. उलट पावसाच्या माऱ्यांत सांध्यांतील माती वाहूं देत नाहीं.

आतां हिशोबाकडे वळूं. एका गुंठ्यावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें २,५०० लिटर पाणी उतरतें. अंगण सिमेंटचें असेल तर तें बहुतेक सारें गटारांतून वालधुनीस वा उल्हास नदीस मिळतें. सांधे मोकळे असतील तर त्यांतील कांहीं वांटा जागींच मुरतो. अंगणें उघडीं ठेवल्यानें २६ जुलै २००५ सारखा पूर अडेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वैशाखांत टँकरची वाट पाहणाऱ्यानें आषाढांतील पाणी कोठें दवडलें, हें स्वतःस एकदां विचारावें.

घसरण्याचें भय मात्र खोटें नव्हे. आमच्याच घरीं एका वृद्ध आप्ताचा पाय गुळगुळीत फरशीवरून सरकला आणि मुलांनीं सिमेंटचा आग्रह धरला. आम्हीं फरशी काढून टाकी लावलेले काळे दगड बसविले. माथा सांध्याहून बोटभर उंच ठेविला म्हणजे तो लवकर वाळतो. त्यावर आठवड्यास एकदां खराटा फिरवावा. दोन दगडांत दोन-तीन बोटें सांधा सोडावा, त्यांत चुना-सिमेंट न घालतां माती घट्ट दाबावी, आणि पाऊस लागल्यावर आपल्याच कुंपणावरील हरितेचे तुकडे त्यावर दाबून बसवावे. डोंगर वा जुन्या किल्ल्यांच्या भिंती ओरबाडूं नयेत. ताक शिंपडण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. ओली सावली असल्यास त्याची गरज नाहीं, आणि नसल्यास त्याचा उपयोग नाहीं. गवत हातानें उपटावें. खुरपें चालवूं नये. उल्हासनगरासारख्या दाट वस्तींत, जेथें अंगण म्हणजे दोन हातांची बोळ, तेथेंही इतकें साधतें.

क्योटो येथील साइहोजी मंदिराची बाग हरितेसाठीं जगप्रसिद्ध आहे. तीत सुमारें १२० जाति आहेत असें सांगतात. तसें बारमाही हिरवेपण आपल्या हवेंत मागूं नये. दिवाळीनंतर आपली हरिता तपकिरी पडून आक्रसते. ती मेली असें समजून कोणी उपटूं नये. जूनच्या पहिल्या सरींत ती पुन्हां हिरवी होते. उन्हाळ्यांत रोज पाणी घालून तिला जागवणें ही उधळपट्टी होय.

सर्वच दगडांवर ती असावी असेंही नव्हे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या अंबरनाथाच्या शिवालयावरील कोरीव कामास ओल धरून ठेवणारा कोणताही थर घातकच. तेथील निगा जाणत्यांनींच करावी. आपल्या पायवाटेचा न्याय निराळा.

महसुली दफ्तरांत लागवडीस निरुपयोगी जागेस पोटखराब म्हणतात. आम्हीं कारकुनींत हा शब्द पुष्कळ वेळां लिहिला, आणि तो लिहितांना त्या जागेंत पाणी मुरतें याचा कधीं विचार केला नाहीं. दगडांमधील दोन बोटें जागा अशीच पोटखराब दिसते. या पावसाळ्यांत ती झांकण्यापूर्वी वाचकांनीं एका सरींत तिच्याजवळ उभें राहून पाणी कोठें जातें तें पहावें, एवढीच विनंति.