जुन्या ट्रॅक्टरचे हेड गॅस्केट : पान्यास हात घालण्यापूर्वीची आखणी

जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यास हेड गॅस्केट जाण्याचा अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. सिलिंडर ब्लॉक व त्यावरील हेड यांच्यामध्ये बसविलेला हा पातळ थर एकाच वेळी तीन कामे करतो. जळणाऱ्या वायूचा दाब सिलिंडरातच राखणे, थंडाव्याचे पाणी त्याच्या वाटेने जाऊ देणे व वंगणतेल पाण्यात मिसळू न देणे, ही ती कामे होत. डिझेल इंजिनात हवा मूळ घनफळाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. एवढा दाब सोसणारा हा भाग दिसावयास क्षुल्लक असला, तरी तो निकामी होताच ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो.

हे काम शेतकऱ्याने स्वतः करावे की करू नये, याविषयी खेड्यांतून दोन टोकांची मते आढळतात. काहींच्या मते इंजिन उघडणे हे केवळ फिटरचेच काम होय. तर काहीजण बांधावरच हेड उतरवून सायंकाळपर्यंत ट्रॅक्टर चालू करण्याची उमेद बाळगतात. आमचे मत असे की, ज्यास पाना धरण्याची सवय आहे व ज्याजवळ आपल्या इंजिनाची माहितीपुस्तिका आहे, त्याने हे काम अवश्य करावे. मात्र पहिला नट सैल करण्यापूर्वी दोषाचे कारण, कामाची वेळ आणि आपल्या कामाची मर्यादा या तीन गोष्टी त्याने ठरविलेल्या असाव्यात.

प्रथम कारणाचा विचार करू. गॅस्केट बहुधा आपण होऊन जात नाही. इंजिन तापल्याने ते जाते. मळणीचा भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकणे, पंख्याचा पट्टा ढिला पडणे, विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्याने आतील वाटांत क्षारांचा थर धरणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. ती तशीच राहिल्यास नवे गॅस्केटही लवकरच जाईल. शिवाय लक्षणे फसवी असतात. तेल दुधाळ होणे हे गॅस्केटप्रमाणेच लाइनरच्या खालच्या रबरी कड्या खराब झाल्याचे किंवा ब्लॉकला तडा गेल्याचेही चिन्ह असू शकते. पांढरा धूर नोझल बिघडल्यानेही येतो. यास्तव इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढावे, इंजिन चालू करावे व पाण्यात बुडबुडे सतत येतात काय, हे पाहावे. ते येत राहिल्यास जळणाचा वायू पाण्यात शिरत आहे, असे समजण्यास आधार मिळतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने तोंड व हात भाजतात.

दुसरी गोष्ट वेळेची. रब्बीची मळणी आटोपल्यापासून मृगाच्या पावसापर्यंतचा काळ यास योग्य होय, आणि त्यातही उन्हाळी नांगरटीचे दिवस सोडून हे काम बसवावे लागते. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते. त्या सुमारास हेड कारखान्यात अडकून पडले व वाफसा निघून गेला, तर दुरुस्तीत वाचविलेल्या मजुरीच्या कितीतरी पट नुकसान पेरणीच्या उशिराने होते. गॅस्केटची पहिली लक्षणे माघ-फाल्गुनात दिसली असता 'हा हंगाम निघून जाईल' म्हणून ट्रॅक्टर तसाच राबविणे, हा आमच्या मते सर्वांत महागडा मार्ग आहे. पाणी तेलात उतरल्यास बेअरिंगे खराब होतात व शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

सुट्या भागांची तजवीजही याच काळात करावी. जुन्या यंत्रांचे भाग आता सहज मिळतातच असे नाही. पिंजोर येथील एच.एम.टी.च्या ट्रॅक्टर विभागाचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९७१ साली ट्रॅक्टरांचे उत्पादन सुरू झाले व २०१६ साली तो विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अशा ट्रॅक्टरच्या मालकाने इंजिन क्रमांक जुळवून गॅस्केटांचा पूर्ण संच, नोझलखालची तांब्याची वायसरे, नवे तेल व तेलाचा फिल्टर हाती आल्याखेरीज हेड उतरवू नये.

तिसरी गोष्ट मर्यादेची. हेड उतरविणे, साफ करणे व बसविणे घरी होते. ते सपाट करणे घरी होत नाही. सरळ पट्टी व फीलर गेज यांनी हेडचा तळ उभा, आडवा व तिरपा तपासावा. पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा अधिक फट दिसल्यास हेड यंत्रशाळेत नेऊन फेस करून घ्यावे. कानशीने घासून ते सपाट करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. लाइनर ब्लॉकच्या पातळीखाली खचले असल्यास किंवा हेडला तडा असल्यास तेथेच थांबावे व जाणकाराकडे जावे. तसे थांबण्यात कमीपणा नाही.

प्रत्यक्ष कामात चार सावधगिरीच्या गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. नट थंड इंजिनावर, कडेकडून मध्याकडे थोडेथोडे सैल करावेत. आवळताना मध्याकडून कडेकडे, पुस्तिकेतील क्रमाने व टप्प्याटप्प्याने आवळावेत. बोल्टांच्या भोकांत पाणी वा तेल राहू देऊ नये. बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉक तडकू शकतो. हेड उतरविलेले असताना इंजिन फिरवू नये. ओल्या लाइनरच्या इंजिनात लाइनर वर सरकून खालच्या कड्या बिघडतात. तसेच जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ते कोरडे खरवडू किंवा हवेने उडवू नये. ओले करून काढावे व पिशवीत बांधून टाकावे. काम पुरे झाल्यावर टॅपेट लावणे व डिझेलच्या नळ्यांतील हवा काढणे हेही विसरू नये. नट पुन्हा आवळावयाचे की नाही, हे पुस्तिकेत पाहावे.

येथे एक सूचना करावीशी वाटते. या साऱ्या कामात टॉर्क पाना हे अपरिहार्य हत्यार आहे. हाताच्या अंदाजाने आवळलेल्या नटांपैकी एक ढिला व दुसरा घट्ट राहतो आणि हेड वाकडे बसते. परंतु वर्षांतून एखाद्या वेळी लागणारे हे हत्यार प्रत्येकाने विकत घ्यावे, असे म्हणणे व्यवहार्य नाही. गावोगावच्या अवजार बँकांनी नांगर व पेरणीयंत्रांबरोबर एक टॉर्क पाना, एक सरळ पट्टी व एक फीलर गेज ठेवावे. ट्रॅक्टर दुरुस्तीचे शिक्षण ही काही नवी कल्पना नव्हे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे शासनाचे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र १९५५ सालीच सुरू झाले. त्या शिक्षणाचा लाभ बांधापर्यंत पोहोचावयाचा, तर हत्यारेही गावात हवीत.

फिटर उपलब्ध असता शेतकऱ्याने ही यातायात का करावी, असा प्रश्न कोणी करील. ऐन हंगामात फिटरही दहा ठिकाणी अडकलेला असतो, हे त्याचे एक उत्तर होय. परंतु अधिक महत्त्वाचे उत्तर असे की, ज्याने क्षारांनी बुजलेल्या पाण्याच्या वाटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, तो पुढे रेडिएटरची जाळी नियमाने झाडतो, मऊ पाणी व योग्य प्रमाणात कूलंट वापरतो आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवतो. जुन्या ट्रॅक्टरचे आयुष्य याच निगेवर अवलंबून असते. शेतकरी बंधुभगिनींनी यंदाचे खळे उठताच आपल्या ट्रॅक्टरची ही तपासणी करून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.