न्याहारी करून बस निघाली

एका शाळेच्या वार्षिकांकात सहलीचा इंग्रजी वृत्तांत वाचनात आला. त्यात वाक्य होते : 'हॅविंग ईटन ब्रेकफास्ट, द बस लेफ्ट फॉर रायगड.' म्हणजे न्याहारी करून बस रायगडला निघाली. बसने पोहे घेतले की मिसळ, तेवढे लिहायचे राहून गेले असावे. पण पोरांना हसण्यात अर्थ नाही. 'हॅम्लेट'मधले बापाचे भूत आपल्या मरणाची लोकांत पसरवलेली कथा, बागेत झोपलो असता साप चावल्याची, सांगते, तेव्हा व्याकरणाच्या हिशेबाने बागेत झोपलेला असतो तो साप, राजा नव्हे. शेक्सपिअरला ते खपून जाते, सहलीला गेलेल्यांना खपत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ च्या आपल्या छोटेखानी पुस्तकात नियमच घालून दिला, की वाक्याच्या आरंभी आलेले असे धातुसाधित पुढच्या कर्त्याचेच असले पाहिजे. स्वल्पविरामानंतर जो उभा असेल, न्याहारी त्यानेच केली. तिथे बसऐवजी 'वुई' बसवले की काम झाले.

ही चूक पकडायला तर्खडकरांचे पुस्तक उघडावे लागत नाही. वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावे. हसू आले की समजावे. मात्र मराठी कानाच्या भरवशावर फार राहू नये, कारण दुसरी चूक तोच करायला लावतो. 'उठून, आंघोळ करून, डबा घेऊन, लोकल पकडून तो कामावर गेला' या वाक्यात आपल्याला काही खटकत नाही. आपला 'ऊन' बहुधा एका कामाची पावती फाडतो आणि मगच पुढच्या कामाला हात घालतो. इंग्रजीतला 'इंग' इतका शिस्तीचा नाही. तो दोन कामे एकाच वेळी चाललेली दाखवतो, किंवा फार तर एकाला लागून लगेच दुसरे. 'ओपनिंग द ड्रॉवर, ही टुक आउट अ पेन' हे चालते. पण 'टेकिंग अ बाथ, ही कॉट द लोकल' म्हटले की गडी अंगाला साबण लावून फलाटावर हजर! (सकाळची गर्दी पाहिलेले डोंबिवलीकर यातही अशक्य काही नाही म्हणतील.) तिथे 'हॅविंग टेकन' हवे, नाहीतर सरळ 'आफ्टर'. आणि कामे चार असतील तर धातुसाधितांची माळ ओवू नये, साधी क्रियापदे ओळीने मांडावीत : उठला, न्हाला, डबा घेतला, निघाला.

तिसरी गोष्ट इंग्रजीची नाही, पण याच 'ऊन' प्रत्ययाची आहे. 'सखोल चौकशी करून योग्य ती कारवाई करण्यात येईल' हे वाक्य आपण वर्षानुवर्षे वाचतो. चौकशी कोण करणार? कारवाई कोण करणार? कर्ता दोन्हीकडे गैरहजर. बसने न्याहारी केली म्हणून हसणारा आपला कान इथे मात्र गप्प बसतो. त्या पोराच्या वाक्यात कर्ता चुकीचा होता, पण होता तरी. आणि मुख्य म्हणजे बस निघाली.