गोव्याचा नाच कोणता?

गॅदरिंग जवळ आले की बेळगावात शिकणाऱ्या आम्हा गोवेकरांना हमखास फर्माईश होते, "तुमचा गोव्याचा नाच बसवा!" म्हणजे कोरीदिन्यो : झगे, हॅट आणि जोडीने घेतलेल्या गिरक्या. मी पेडणे तालुक्यातील धारगळची. आमच्याकडे पौषात बायका मांडावर धालो खेळतात, फुगड्या घालतात. शिगम्यात घोडेमोडणी असते. हे सांगितले तर मैत्रिणी म्हणतात, "हे कोकणातले झाले, गोव्याचे कुठे?" उलट गावातली वडीलधारी मंडळी कोरीदिन्योला 'फिरंग्यांचा नाच' म्हणून मोकळी होतात. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात.

कोरीदिन्यो आला पोर्तुगालच्या आल्गार्व्ह प्रांतातून. पण तिथेही तो पाहुणाच. त्याचे मूळ पोल्कात. पोल्का जन्मला बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, १८३० नंतरच्या दशकात. दोन मात्रांचा ठेका, झटपट तीन पावले आणि लहानशी उडी. १८४४ च्या सुमारास पॅरिस-लंडनला त्याचे इतके वेड लागले की जाकिटालाही पोल्काचे नाव पडले. पुढे जिथे गेला तिथला तो झाला. व्हिएन्नात स्ट्राउस घराण्याने संथ 'फ्रेंच' आणि भरधाव 'श्नेल' पोल्का रचल्या. मझुर्काशी गाठ पडली तेव्हा ठेका तीन मात्रांचा झाला. उत्तर मेक्सिकोत त्याने अकॉर्डियन धरला. अमेरिकेतील पोलिश आणि स्लोव्हेनियन वस्त्यांनी आपापली धाटणी बसवली. १९८६ ते २००९ पर्यंत ग्रॅमी पुरस्कारांत पोल्काचा स्वतंत्र विभाग होता.

तेव्हा 'मूळ कुठले?' हीच कसोटी लावली तर पोल्का बोहेमियाबाहेर कुणाचाच नाही. गोव्यात ज्यांनी कोरीदिन्यो पिढ्यान्‌पिढ्या नाचला, त्यांचा तो आहेच. पण सासष्टी, बार्देश सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले, पेडणे १७८८ मध्ये. हा फरक नाचात दिसणारच. एका नाचाने सारा गोवा कसा सांगता येईल?

हा वाद नुसता गॅदरिंगचा नाही. मांडवीतल्या पर्यटकांच्या बोटींवर कोरीदिन्यो होतो. धालोला तिकीट नाही. वाणिज्य शाखेत आम्ही शिकतो की जे खपते तेच दुकानाच्या दर्शनी भागात येते. २०२३ पासून मोपाचा विमानतळ आमच्याच तालुक्यात सुरू झाला आहे. उतरणाऱ्या पाहुण्याला पेडण्यातच पेडणे दिसले नाही, तर आमच्या मुलीही धालो शिकणार नाहीत.

म्हणून यंदा कोरीदिन्यो जरूर बसवू. पण त्याच रंगमंचावर, तेवढाच वेळ, फुगडीलाही मिळावा. कन्नड विभागातील मैत्रिणींनी फेर धरायला यावे. फुगडीला हॅट लागत नाही, भक्कम मनगट लागते.