जुनी मोटार म्हणजे भंगार नव्हे : खरेदी, वाहतूक आणि पुनर्बांधणीबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. सहपोलीस आयुक्त (वाहतूक), बृहन्मुंबई
मा. सहायक आयुक्त, एच पश्चिम विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : जुन्या मोटारी विकत घेणे, वाहून आणणे व नव्याने बांधणे यासाठी सरळ आणि कायदेशीर मार्ग मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही खारदांडा परिसरातील जुन्या मोटारींचे मालक, मेकॅनिक, डेंटर, पेंटर आणि वायरमन आहोत. पडून राहिलेली गाडी शोधून आणायची, पत्रा कापून नवा जोडायचा, इंजिन उघडायचे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची, हे आमचे काम. कुणाला गाडी मूळ रूपात हवी असते, कुणाला डिस्क ब्रेक, एसी किंवा नवे इंजिन बसवून. गाडी बांधायला आम्ही समर्थ आहोत. आमची अडचण कागदपत्रांत आणि वाहतुकीत होते.

पार्श्वभूमी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, १९७४ पासून ती पद्मिनी झाली आणि २०००च्या सुमारास उत्पादन थांबले. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. टॅक्सी गेली, पण खासगी पद्मिनी अजून वाड्यांत, शेडमध्ये आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत उभ्या आहेत. त्या वाचवायच्या तर पुढील मागण्या मान्य होणे आवश्यक आहे.

मागणी १ : ३० वर्षांवरील गाड्यांना वेगळी श्रेणी द्यावी

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. त्यात ५० वर्षांवरील, मूळ रूपातील गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. ही सोय स्वागतार्ह आहे. पण १९८५ ची पद्मिनी तिथवर पोहोचायला २०३५ उजाडेल आणि शेवटच्या पद्मिनींना २०५०चा सुमार. तोवर ती केवळ ‘जुने वाहन’. मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ३० वर्षांची अट मानते. जर्मनीतही ऐतिहासिक नंबर प्लेट ३० वर्षांनंतर मिळते. राज्याने केंद्राकडे ३० वर्षांच्या श्रेणीची शिफारस करावी आणि मर्यादित वापराच्या अटीवर या गाड्यांचे फेरनोंदणी शुल्क कमी करावे.

मागणी २ : कागदपत्रांसाठी एक खिडकी, एक मुदत

जुन्या गाडीचे आरसी बुक बहुधा हाताने लिहिलेले असते. ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत तिची नोंद नसेल तर ना शुल्क भरता येते, ना एनओसी मिळते. मूळ मालक वारलेला, वारस तीन गावांत विखुरलेले, असे नेहमीच घडते. बेळगाव किंवा गोव्यातून गाडी आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ नुसार ३० दिवसांत निर्णय कळवला नाही तर ती दिल्याचे मानले जाते, पण आपल्याकडील खिडकीवर असे मानीव प्रमाणपत्र स्वीकारले जाईल याची खात्री नसते. म्हणून :
(अ) प्रणालीत नसलेल्या गाड्यांच्या बॅकलॉग नोंदीसाठी प्रत्येक आरटीओत आठवड्यातून एक दिवस राखून ठेवावा.
(आ) मानीव एनओसी स्वीकारण्याचे लेखी परिपत्रक काढावे.
(इ) वारसांकडून हस्तांतरासाठी कोणते कागद पुरेसे, याची एकच यादी दर्शनी भागात लावावी.

मागणी ३ : फ्लॅटबेडवरील गाडीला ‘वाहतूक पास’ द्यावा

वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर जाम असतात, रबर कडक झालेले असते. तिला दोराने ओढत आणणे धोक्याचे आहे, फ्लॅटबेडच हवा. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. खालचा पत्रा कुजला असेल आणि विंचचा हुक भलत्या जागी लावला, तर एका हिसक्यात पुढचा भाग वाकतो. म्हणून आम्ही टाकीतले पेट्रोल काढतो, बॅटरी सोडवतो आणि पट्टे बॉडीला न बांधता चाकांना बांधतो. एवढी काळजी घेऊनही वाटेत विमा आणि पीयूसीच्या नावाखाली गाडी अडवली जाते. फ्लॅटबेडवरची गाडी कोणी चालवत नसते. तिथे मालकीचे पुरावे तपासावेत : आरसीची प्रत, विक्रीपत्र, विक्रेत्याची संमती. ते अपलोड केल्यावर ऑनलाइन पास मिळावा. खासगी व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेल्या जुन्या गाडीला ई-वे बिल लागते का, याचा एकच लेखी खुलासा जीएसटी विभागाकडून मिळवून द्यावा. दांड्याच्या अरुंद गल्ल्यांत फ्लॅटबेड वळत नाही, म्हणून मुख्य रस्त्यावर रात्री गाडी उतरवण्यासाठी अर्ध्या तासाची जागा ठरवून द्यावी.

मागणी ४ : एकेका गाडीची तपासणी करून मान्यता द्यावी

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही. कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कर्कश सायलेन्सर आणि धोकादायक बांधणीला आळा हवाच. पण जुन्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक बसवणारा आणि गाडी कमकुवत करणारा, यांत फरक करणारी सोपी वाट नाही. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या बांधलेल्या गाडीचीही तपासणी करून मान्यता मिळते. आपल्याकडे पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी या वाहन तपासणाऱ्या संस्था आहेत. परवडणाऱ्या शुल्कात एका गाडीची तपासणी तिथे व्हावी, यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

मागणी ५ : काम चालू असलेली गाडी बेवारस ठरवू नये

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने उघडा पत्रा पावसाळ्याआधीच गंजतो, म्हणून आम्ही गाड्या झाकून ठेवतो. झाकलेली, चाके काढलेली गाडी बेवारस समजून उचलली जाण्याची भीती कायम असते. वॉर्ड कार्यालयाने ठरावीक मुदतीचा नोंदणी फलक द्यावा आणि कारवाईआधी त्यावरील नंबरवर कळवावे. मुदत संपूनही गाडी हलली नाही, तर जरूर कारवाई करावी.

आमची हमी

चेसिस व इंजिन नंबरला आम्ही हात लावणार नाही. गंजलेला नंबर घासून त्याचा पेन्सिल ट्रेस घेऊ आणि तपासणीस देऊ. कागदांशिवाय आलेली गाडी वा सुटा भाग घेणार नाही. जळके ऑइल गटारात जाऊ देणार नाही, कारण ते गटार समुद्राला मिळते आणि त्या समुद्रावर दांड्याच्या कोळी बांधवांचे पोट आहे. कोळीवाड्याची वाट अडेल अशी एकही गाडी उभी करणार नाही.

आम्ही नियमांतून सूट मागत नाही, पाळता येतील असे नियम मागतो. तिन्ही कार्यालयांनी आमच्या प्रतिनिधींसह संयुक्त बैठक घ्यावी आणि प्रत्येक मागणीवर ४५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपले,
पदाधिकारी व सभासद,
जुन्या मोटारींचे मालक व कारागीर यांची संघटना, खारदांडा, मुंबई